विश्लेषण : फिश टँकचे पाणी वारंवार गढूळ का होते? सगळे पाणी बदलल्यावरच मासे का दगावतात?

घरात नवा फिश टँक येतो. खडी, फिल्टर, दिवा, चार-सहा मासे अशी मांडणी होते. पहिले दोन दिवस पाणी काचेसारखे स्वच्छ असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र त्यात कुणी चमचाभर दूध ओतल्यासारखे ते पांढरट दिसू लागते. मग ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. मासे बादलीत काढायचे, टाकी रिकामी करायची, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुवायचा आणि नवे पाणी भरायचे. दोन-तीन दिवसांत पाणी पुन्हा पांढरट होते आणि या वेळी एखादा मासा तळाशी मरून पडलेला असतो. घाण पाण्याने मासा मेला, असा समज होतो आणि टाकी पुन्हा धुतली जाते. प्रत्यक्षात अनेकदा माशाचा जीव जातो तो या धुण्यामुळेच. पाणी गढूळ का होते, बुलढाणा जिल्ह्यातल्या पाण्याचा त्याच्याशी काय संबंध आणि नेमके काय करावे, याचा हा आढावा.

लोणारचे गुलाबी पाणी काय सांगते?

पाण्याचा रंग का बदलतो, हे समजून घेण्यासाठी बुलढाणेकरांना लांब जावे लागत नाही. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि देशभर चर्चा झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही त्याची दखल घेतली. वन विभागाने पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत हा रंग हॅलोआर्किया या क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचा असल्याचे समोर आले. उष्णता आणि बाष्पीभवनामुळे पाण्यातील क्षार वाढले आणि या जीवांना पोषक स्थिती मिळाली. नमुना स्थिर ठेवल्यावर हे जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले.

म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, पाण्यात वाढलेल्या जीवांचा होता. एरवी लोणारचे पाणी हिरवट दिसते, तेही त्यातील स्पिरुलिनासारख्या सूक्ष्म जीवांमुळे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर असो की दिवाणखान्यातली दोन फुटी काचेची टाकी, नियम एकच. पाण्यात खाद्य, उजेड, क्षार आणि उष्णता यांचा तोल बदलला की सूक्ष्मजीवांची संख्या बदलते आणि पाण्याचा रंग आपल्याला ती बातमी देतो.

गढूळपणाचे प्रकार कोणते?

उपाय करण्याआधी प्रकार ओळखायला हवा. त्यासाठी टाकीतले पाणी काचेच्या पारदर्शक ग्लासात घ्या, मागे पांढरा कागद धरा आणि ग्लास रात्रभर न हलवता ठेवा.

सकाळी तळाशी साका बसला आणि वरचे पाणी नितळ झाले, तर ती धूळ किंवा माती आहे. नवी खडी किंवा वाळू न धुता टाकली की पहिल्याच दिवशी असे होते. पावसाळ्यात नळाला किंवा विहिरीला आलेले मातकट पाणी भरले, तरी हेच दिसते.

पाणी सकाळीही दुधाळच राहिले, तर ते जिवाणू आहेत. लोणारच्या नमुन्यातले जीव तळाशी बसले. टाकीतले हे जिवाणू मात्र इतके बारीक आणि हलके असतात की एका रात्रीत खाली बसत नाहीत. नवी टाकी लावल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत हा प्रकार सर्वाधिक दिसतो.

पाणी हिरवे असेल तर ते सूक्ष्म शेवाळ. आणि पाणी पिवळसर-तपकिरी, चहासारखे पण आरपार दिसणारे असेल, तर टाकीत शोभेसाठी ठेवलेल्या लाकडातून उतरलेला तो रंग आहे. तो माशांना त्रासदायक नाही. असे लाकूड आधी उकळून किंवा आठवडाभर भिजत ठेवून मग टाकीत घातले, तर रंग कमी उतरतो.

दुधाळ पाणी नेमके कशामुळे?

मासा खातो, विष्ठा टाकतो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर सोडतो. उरलेले खाद्य कुजते, त्यातूनही अमोनिया तयार होतो. नदीत हे सगळे वाहून जाते. टाकीत ते तिथेच राहते. अमोनिया माशांसाठी विष आहे. तो कल्ल्यांना इजा करतो आणि माशाला श्वास घेणे कठीण होते.

निसर्गाने यावर तोड काढली आहे. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही घातक, तर नायट्रेट तुलनेने बरेच सौम्य. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. शेतातल्या मातीत युरियाचे जे होते, त्याच साखळीचा हा भाग आहे.

अडचण वेगाची आहे. कुजलेल्या खाद्यावर वाढणारे साधे जिवाणू तासाभरातही दुप्पट होऊ शकतात. अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना दुप्पट व्हायला बारा तास ते दिवसभर लागतो. त्यामुळे नव्या टाकीत आधी पहिल्या गटाची गर्दी होते आणि पाणी दुधाळ दिसते. दुसरा गट पुरेसा वाढायला साधारण चार ते सहा आठवडे घेतो. दुधाळपणा म्हणजे टाकीचा तोल अजून बसलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. खाद्य मोजके असेल, तर तो काही दिवसांत ते दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो.

मग पाणी पूर्ण बदलले तर बिघडते काय?

अमोनिया पचवणारे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकट थर करून राहतात. स्पंज नळाखाली घासला, खडी साबणाने किंवा गरम पाण्याने धुतली, की हीच वस्ती नष्ट होते. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असतो आणि तो चांगल्या-वाईट जिवाणूंत फरक करत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. माणसाला हे प्रमाण सुरक्षित आहे, पण माशाच्या नाजूक कल्ल्यांना त्याचा त्रास होतो.

म्हणजे टाकी स्वच्छ दिसते, पण अमोनिया पचवणारे कुणीच उरत नाही. मासे तेवढेच, खाद्य तेवढेच. दोन-तीन दिवसांत अमोनिया साठतो, पाणी पुन्हा पांढरट होते आणि चक्र पहिल्यापासून सुरू होते. त्यात तापमान आणि क्षारांचे प्रमाण एकदम बदलल्याचा धक्का वेगळाच.

याउलट थोडे थोडे पाणी बदलण्याचे गणित पाहा. अमोनियाचे प्रमाण २ असेल आणि पाव टाकी पाणी बदलले, तर ते १.५ वर येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव बदलले, तर १.१ च्या आसपास. तिसऱ्या दिवशी ०.८५ च्या खाली. रोज पडणारी नवी भर यात धरलेली नाही. म्हणूनच या काळात खाद्य कमी ठेवायचे. तीन दिवसांत विष निम्म्याहून कमी होते आणि जिवाणूंची वस्तीही शाबूत राहते.

घाटावरचे आणि घाटाखालचे पाणी : फरक काय पडतो?

इंटरनेटवरचा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही, याचे मोठे कारण पाणी. घाटाखालच्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागांतली अनेक गावे पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतात. तिथे बोअर आणि विहिरींचे पाणी खारे आणि जड. घाटावर बुलढाणा शहराला पैनगंगेवरच्या येळगाव धरणाचे पाणी मिळते. त्याची जात वेगळी. एकाच जिल्ह्यात दोन मित्रांनी एकाच दुकानातून सारखेच मासे नेले, तरी अनुभव वेगळा येऊ शकतो.

पाणी जड असेल तर त्याचा पीएच बहुधा ७ च्या वर असतो, आणि अमोनियाचे विष पीएचवर ठरते. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की हाच वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळपास दहापट. पाणी तापले की तो आणखी वाढतो. त्यामुळे खारपाणपट्ट्यात जास्त खाद्य घालण्याची चूक अधिक महाग पडते.

दुसरा मुद्दा बाष्पीभवनाचा. लोणार सरोवरातून पाणी बाहेर वाहून नेणारी नदी नाही. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. म्हणूनच तिथला पीएच १० च्या घरात आहे. फिश टँकमध्येही हेच घडते. समजा, टाकीत ४५ लिटर पाणी आहे आणि त्यात लिटरमागे १००० मिलिग्रॅम क्षार आहेत. म्हणजे टाकीत एकूण ४५ ग्रॅम क्षार झाले. उन्हाळ्यात रोज अर्धा लिटर पाणी उडते आणि तेवढेच बोअरचे पाणी वरून भरले जाते. महिन्याला १५ लिटर पाणी उडाले, १५ ग्रॅम क्षार वाढले. आता लिटरमागे १३३३ मिलिग्रॅम. काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरा खरपुडा दिसतो, तो याच क्षारांचा.

उपाय सोपा आहे. उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या किंवा जारच्या पाण्याने करा आणि आठवड्याला काही पाणी काढून नवे भरा. मात्र संपूर्ण टाकी आरओच्या पाण्याने भरू नका. त्यात क्षार जवळपास नसल्याने पीएच स्थिर राहत नाही, आणि अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंनाही थोडा जडपणा लागतोच.

मासे निवडतानाही पाण्याचा विचार करावा. गप्पी, मॉली, प्लॅटी हे मासे जड पाण्यात मजेत राहतात. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग डबक्यांत सोडतो ते हेच गप्पी. निऑन टेट्रा, डिस्कस यांना मऊ पाणी मानवते. गोल्डफिश कोणत्याही दुकानात मिळतो, पण तो भरपूर खातो आणि भरपूर घाण करतो. दोन फुटी टाकीत सहा गोल्डफिश ठेवले, तर पाणी गढूळ होणारच.

पाणी दुधाळ झाले तर काय करावे?

पहिले दोन दिवस खाद्य पूर्ण बंद ठेवा. निरोगी मोठा मासा काही दिवस उपाशी राहिला तरी त्याला धोका नसतो. त्यानंतर दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्या. घरात लहान मुले असतील, तर डबा त्यांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. अनेक टाक्यांतला गढूळपणा इथूनच सुरू होतो.

फिल्टर आणि एअर पंप चोवीस तास चालू ठेवा. रात्री आवाज येतो म्हणून ते बंद करण्याची सवय घातक आहे. दुधाळ पाण्यातले कोट्यवधी जिवाणूही प्राणवायू वापरतात, त्यामुळे या काळात माशांना हवेची जास्त गरज असते.

खडी, झाडे आणि फिल्टरच्या मागे एखादा मेलेला मासा किंवा गोगलगाय अडकलेली नाही ना, हे पाहा. जुन्या टाकीचे पाणी अचानक दुधाळ झाले, तर हे पहिले तपासा.

सायफनच्या नळीने तळातली घाण ओढत पाव टाकी पाणी काढा. तेवढेच नवे पाणी भरा, पण ते क्लोरीनमुक्त हवे. बादलीत पाणी भरून ती २४ तास उघडी ठेवली, की साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब पुड्यावर लिहिलेल्या प्रमाणात वापरा. जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे हौदात साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन बराचसा कमी झालेला असतो. नळ आल्या आल्या थेट पाइप टाकीत सोडणे मात्र टाळा. टँकरच्या किंवा नुकतीच टीसीएल पावडर टाकलेल्या विहिरीच्या पाण्याबाबतही हीच काळजी घ्या.

फिल्टरचा स्पंज धुवायचाच असेल, तर टाकीतून काढलेल्या पाण्याच्या मगमध्ये हलकेच पिळून घ्या. ओळखीच्या कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथला वापरलेला स्पंज किंवा मूठभर खडी आणून आपल्या फिल्टरजवळ ठेवा. विरजण लावावे तसेच हे. तयार जिवाणू मिळाले की तोल लवकर बसतो.

अमोनिया तपासण्याचे किट रंगीत माशांच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळते. पाणी नितळ असले तरी अमोनिया जास्त असू शकतो आणि दुधाळ पाण्यात तो कमीही असू शकतो. डोळ्यांपेक्षा हे किट भरवशाचे.

हिरव्या पाण्यासाठी वेगळा उपाय का?

हिरव्या पाण्यामागे दोन कारणे असतात, उजेड आणि पोषण. खिडकीतून येणारे ऊन टाकीवर पडत असेल, दिवा दिवसरात्र चालू असेल आणि पाण्यात नायट्रेट साठले असेल, तर शेवाळ फोफावते. पाणी बदलल्याने ते विरळ होते, पण उरलेल्यातून काही दिवसांत पुन्हा वाढते.

टाकी उन्हापासून दूर हलवा. दिवा दिवसाला सहा ते आठ तासच लावा. तरीही हिरवेपणा जात नसेल, तर टाकी तीन-चार दिवस जाड कापडाने झाका, दिवा बंद ठेवा आणि एअर पंप चालू ठेवा. शेवाळ मरू लागले की ते कुजून अमोनिया वाढतो, म्हणून झाकण काढल्यावर लगेच पाव ते तृतीयांश पाणी बदलणे आवश्यक. टाकीत खरी वनस्पती लावल्यास ती शेवाळाच्या तोंडचे पोषण खाते आणि हिरवेपणा पुन्हा येण्याची शक्यता कमी होते.

तुरटी, ब्लीचिंग, निळे औषध : काय टाळावे?

पावसाळ्यात घरोघरी पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवतात, म्हणून टाकीतही ती फिरवण्याचा मोह होतो. तुरटीमुळे पाण्याचा पीएच एकदम खाली येऊ शकतो आणि आम्लधर्मी पाण्यात विरघळलेले अ‍ॅल्युमिनियम कल्ल्यांना घातक ठरते. मासे असलेल्या टाकीत तुरटी नकोच. मातकट पाणी वेगळ्या बादलीत रात्रभर निवळू द्या, वरचे पाणी सुती कापडातून गाळून घ्या आणि मगच वापरा.

ब्लीचिंग पावडर आणि साबण टाकीजवळही नेऊ नका. दुकानात मिळणारे निळे औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, हे बुरशीसारख्या आजारांसाठी आहे. ते उपयोगी जिवाणूंनाही मारक ठरू शकते, त्यामुळे गढूळपणावर त्याचा उपयोग नाही. पाणी तासाभरात स्वच्छ करणारी द्रावणे धुळीवर काम करतात. दुधाळपणा ती तात्पुरता झाकतात, अमोनिया तसाच राहतो.

वीज गेली तर?

विदर्भातला उन्हाळा आणि वीज खंडित होणे ही जोडी टाकीसाठी सर्वात अवघड. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३५ अंशांना हे प्रमाण ७ च्याही खाली येते. त्याच वेळी गरम पाण्यात माशांना प्राणवायू जास्त लागतो. पंप बंद पडला की काही तासांत मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असावा. तोही नसेल, तर टाकीतलेच पाणी मगने घेऊन थोड्या उंचीवरून पुन्हा टाकीत सोडत राहा. त्यातूनही हवा मिसळते. बंद डब्याचा फिल्टर बरेच तास बंद राहिला असेल, तर वीज आल्यावर आतले साचलेले पाणी फेकून मगच तो सुरू करा. टाकीत बर्फ टाकू नका. कूलर किंवा पंख्याची हवा पाण्यावर जाऊ दिली तरी तापमान दोन-तीन अंशांनी उतरू शकते, पण बाष्पीभवन वाढते हे लक्षात ठेवा.

काळजी कधी करावी?

पाणी दुधाळ आहे, पण मासे नेहमीसारखे फिरत आहेत, खाद्याकडे झेपावत आहेत, तर वाट पाहावी. मासे पृष्ठभागावर धापा टाकत असतील, कल्ले लालसर दिसत असतील, पर अंगाला चिकटवून कोपऱ्यात बसले असतील, तर थांबू नका. क्लोरीनमुक्त आणि तेवढ्याच तापमानाच्या पाण्याने निम्मी टाकी बदला, हवा वाढवा, खाद्य बंद करा. निम्मे पाणी बदलण्याची हीच एक वेळ, आणि तेव्हाही फिल्टरला हात लावायचा नाही.

नवी टाकी घेणाऱ्यांनी तर सुरुवातच उलटी करावी. आधी टाकी, पाणी आणि फिल्टर सुरू करा, रोज चिमूटभर खाद्य टाका आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांबा. मासे त्यानंतर, तेही एकावेळी दोन-तीनच. महिनाभर रिकाम्या टाकीकडे पाहत बसणे मुलांना जड जाते, हे खरे. पण त्या महिन्याने पुढची वर्षे सोपी होतात.

आणि सगळे करूनही छंद नकोसा झाला, तर मासे नदीत, धरणात किंवा गावच्या तलावात सोडू नका. काच चाटणारा सकर मासा देशातल्या अनेक जलाशयांत असाच पोहोचला आहे आणि स्थानिक माशांच्या मुळावर उठला आहे. दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडे सोपवा. आपल्या टाकीतला तोल सांभाळता आला नाही, म्हणून येळगावचा बिघडवण्याचे कारण नाही.